‘फॉल थ्रू’ आणि पार पडणें

परभाषा शिकणाऱ्याला भीति वाटते ती मोठमोठ्या शब्दांची. पण त्याला दगा देतात ते बहुधा लहान शब्द. मोठा शब्द अडला म्हणजे मनुष्य कोश उघडतो. लहान शब्द अडला आहे हें त्याच्या ध्यानांतच येत नाहीं. अर्थ कळला या समजुतीवर तो पुढें चालतो आणि भलत्याच गांवीं जाऊन पोंचतो. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यानें 1755 सालीं आपला इंग्रजी कोश प्रसिद्ध केला, तेव्हां प्रस्तावनेंत ही गोष्ट त्यानें मोकळेपणानें कबूल केली आहे. साध्या क्रियापदामागें एखादें अव्यय जोडून त्याचा अर्थ पालटण्याची इंग्रजांची जी रीत, तिच्याइतकी मोठी अडचण परकीयांपुढें दुसरी नाहीं, असें त्याचें म्हणणें. आणि उदाहरणादाखल त्यानें जीं क्रियापदें घेतलीं, त्यांत ‘फॉल’ हें आहे. ‘फॉल ऑन’ म्हणजे हल्ला करणें, ‘फॉल ऑफ’ म्हणजे स्वधर्मापासून ढळणें. मूळ अर्थ एवढाच, कीं पडणें.

या जातीच्या क्रियापदांना ‘फ्रेझल व्हर्ब’ हें नांव फार मागाहून मिळालें. लोगन पिअरसॉल स्मिथ यानें तें 1925 सालच्या आपल्या ग्रंथांत छापलें, आणि तें आपल्याला हेन्री ब्रॅडले यानें सुचविलें असें प्रांजळपणें सांगितलें. मराठींत त्याला सर्वमान्य नांव नाहीं. येथें मी त्यांना अव्यययुक्त क्रियापदें म्हणतों. नांव कांहींही असो, जॉन्सनच्या कोशानंतर अठ्ठेचाळीस वर्षांनीं ही इंग्रजी आमच्या जालना मुलखांत आली. आणि ती पुस्तकें घेऊन आली नाहीं, तोफा घेऊन आली.

1803 च्या सप्टेंबरच्या 2 तारखेस कर्नल स्टीव्हन्सन यानें जालन्याचा किल्ला घेतला, आणि त्याच महिन्याच्या 23 तारखेस असई येथें जनरल अर्थर वेल्स्ली आणि शिंदे-भोसल्यांची फौज यांची गांठ पडली. (गांठही मराठींत पडतेच, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.) केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यांत शिंद्यांचें कवायती पायदळ पोलमन नांवाच्या एका हॅनोव्हरच्या सरदाराच्या हुकमतीखालीं उभें होतें. वाटाडे म्हणाले, केळणेला जवळपास उतार नाहीं. वेल्स्लीनें पाहिलें कीं, नदीच्या दोन्ही तीरांवर पिंपळगांव आणि वरूड हीं दोन गांवें समोरासमोर वसलीं आहेत. तेव्हां त्यांच्यामध्यें माणसांची ये-जा असलीच पाहिजे. त्या एका तर्कावर त्यानें फौज पार नेली. सायंकाळपर्यंत 98 तोफा त्याच्या हातीं लागल्या. पण त्याच्याकडील 1,584 माणसें मेलीं, जखमी झालीं किंवा बेपत्ता झालीं. रणांत उतरलेल्या त्याच्या लहानशा फौजेच्या मानानें हा आंकडा भयंकर होता. पुढें वॉटर्लू जिंकल्यावरही त्याला आपली सर्वांत सरस झुंज असईचीच वाटत असे, असें सांगतात.

प्रस्तुत लेखकाचीं तीस वर्षें जालन्यांत इंग्रजी शिकविण्यांत गेलीं. असई आमच्या जिल्ह्यांतलें गांव म्हणून तिच्या लढाईचा एक सोपा उतारा मीं स्वतः तयार केला आहे, आणि तो दरवर्षीं वर्गांत भाषांतराला देतों. त्यांत एका वाक्यांत बरेच अधिकारी ‘फेल’, म्हणजे पडले. पुढच्या वाक्यांत पायदळ ‘फेल बॅक’. पहिल्या वाक्याशीं आमच्या विद्यार्थ्याचें भांडण नसतें. रणांत पडणें हें त्याला पोवाड्यांतून ठाऊक आहे. (एका वर्षीं मात्र एका चिरंजीवांनीं सगळे अधिकारी नापास करून टाकले. ‘फेल’ या उच्चाराचा त्याला झालेला परिचय निराळा होता!) अडतें तें दुसऱ्या वाक्याशीं. “पायदळ पाठीवर पडलें,” असें एकानें लिहिलें. वर्ग हंसला, मीही हंसलों, तेव्हां त्या मुलानें उठून विचारलें, “सर, नुसतें ‘फेल’ म्हणजे मेले, तर ‘फेल बॅक’ म्हणजे पाठीवर गोळी लागून मेले, असें कां नाहीं?” त्याच्या प्रश्नांत तर्कदोष कोठें आहे, हें मला चटकन् दाखवितां आलें नाहीं. आजही वाटतें, कीं तर्क त्याचाच बरोबर होता. भाषा तर्काप्रमाणें चालत नाहीं, इतकेंच.

‘फॉल बॅक’ म्हणजे मागें हटणें. आणि तेंही बहुधा फळी राखून, पुन्हा उभें राहण्याच्या इराद्यानें. असईंत तसेंच घडलें. पहिली फळी मोडल्यावर शिंद्यांचें पायदळ मागें सरलें, जुईकडे पाठ करून त्यानें पुन्हा फळी धरली, आणि शेवटीं जुई ओलांडून तें निघून गेलें, तेव्हां दमलेल्या इंग्रजांना त्याचा लांबवर पाठलागही करवला नाहीं. येथें ‘पळालें’ असें भाषांतर करणारे पुष्कळ भेटतात. पाठीवर पडलेलें पायदळ निदान कोणाला खरें वाटत नाहीं. पळालेलें पायदळ खरें वाटतें, आणि एका अव्ययाकडे दुर्लक्ष झाल्यानें, उत्तम कवायत शिकलेल्या आमच्याच माणसांवर भ्याडपणाचा ठपका बसतो.

असईनंतर चोवीस वर्षांनीं, 1827 सालीं, जालन्यास छावणी पडली. (छावणीही पडते.) विसाव्या शतकाच्या आरंभीं हैदराबाद कंटिंजंटची नवी व्यवस्था होऊन ती उठेपर्यंत पाऊणशें वर्षें या गांवाच्या कानांवर इंग्रजी हुकूम पडत होते. शिपायानें ही इंग्रजी कानानें घेतली. ‘हू कम्स देअर’ या पहारेकऱ्याच्या हटकणीचें त्यानें ‘हुकुमदार’ केलें, आणि ‘फॉल इन’चें ‘फॉलिन’. आमच्या शाळांतून कवायतीच्या तासाला आजही मुलें ‘फॉलिन’ होतात. विद्वानांनीं या इंग्रजीला खुशाल हंसावें. पण ‘फॉल आउट’चा हुकूम ऐकून कोणी शिपाई रांगेबाहेर जाऊन आडवा झाला, असें ऐकिवांत नाहीं. त्याला क्रिया आधीं दिसली आणि शब्द मागून ऐकूं आला. ‘फॉल’ निराळें आणि ‘आउट’ निराळें, ही फोड त्याच्या मनांत कधीं झालीच नाहीं. छावणीच्या आश्रयानें मिशनही आलें. मुंबईच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत तयार झालेले रेव्हरंड नारायण शेषाद्रि यांनीं जालन्याजवळ बेथेल नांवाची वसाहत उभारली. हे गृहस्थ परदेशांत इंग्रजींतून व्याख्यानें देत. पण हें सारें छावणी आणि मिशन यांच्या कुंपणाआंतलें. आसपासच्या खेड्यांपर्यंत इंग्रजी पोंचली ती फार उशिरां, आणि कागदावरून.

या कागदी इंग्रजीच्या आम्हांकडे दोन वाटा. एक मुंबई-पुण्याची. तिकडे दादोबा पांडुरंगांचें मराठी व्याकरण 1836 सालीं निघालें, मोल्सवर्थ-कँडींचा इंग्रजी-मराठी कोश 1847 सालीं निघाला, आणि पुढें ‘तर्खडकर भाषांतर पाठमाला’ घरोघर गेली. मराठी मध्यम वर्गाच्या कित्येक पिढ्यांनीं इंग्रजीचा ओनामा तिच्यावर गिरवला. तिच्याविषयीं वाकडा शब्द काढण्याची माझी छाति नाहीं. तथापि शब्दासमोर शब्द आणि वाक्यासमोर वाक्य ठेवून शिकण्याची जी संवय या पद्धतीनें लागते, तिला एक खोड आहे. प्रत्येक इंग्रजी शब्दाची मराठी जोडी कोठें तरी ठरलेली आहे, असा विश्वास शिकणाऱ्याच्या मनांत बसतो. दुसरी वाट हैदराबादची. 1918 सालीं उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालें. निजामी राज्यांत वरच्या शिक्षणाचें माध्यम उर्दू, आणि इंग्रजी सक्तीची दुसरी भाषा. जालन्याकडील मराठी मुलगा घरीं मराठी बोले, शाळेंत उर्दूंतून भूगोल शिके, आणि इंग्रजी शब्दाचा अर्थ उर्दूंत पाठ करी. ‘फॉल बॅक’ म्हणजे ‘पसपा होना’, हें त्याला शाळेंत मिळे. तें घरच्या भाषेंत उतरवून घेणें हें ज्याचें त्याचें काम.

माझे आजोबा या दुसऱ्या वाटेनें मॅट्रिक झाले, आणि पहिल्या वाटेची तर्खडकरांची एक जुनी प्रत त्यांनीं कोणाकडून तरी मिळविली होती. ते शाळामास्तर होते. आमचें गांव जालन्याहून देऊळगांव राजाकडे जाणाऱ्या वाटेच्या बाजूला. देऊळगांव राजा वऱ्हाडांत. म्हणजे 1948 सालीं निजामाच्या सरहद्दीपलीकडे, हिंदी संघराज्यांत. त्या सालीं रझाकारांच्या भीतीनें अनेक कुटुंबें सरहद्द ओलांडून वऱ्हाडांतल्या छावण्यांत जात होतीं. आमच्या गांवांतील कांहीं घरांनीं बैलगाड्या भरून ठेवल्या होत्या. परंतु हैदराबाद आणि दिल्ली यांच्यांत बोलणीं चाललीं होतीं, आणि त्यांतून कांहीं निष्पन्न झालें तर घरदार सोडण्याचें कारण नव्हतें. 1947 च्या नोव्हेंबरच्या 29 तारखेस झालेला जैसे थे करार चालू होता. लॉर्ड माउंटबॅटन हिंदुस्थान सोडण्यापूर्वीं कायमचा समझोता व्हावा म्हणून झटत होते. निजामाचे दिवाण लायक अली दिल्लीस खेपा घालीत होते. जूनच्या तिसऱ्या आठवड्यांत निजामानें शेवटचा मसुदा नाकारला, आणि 21 तारखेस माउंटबॅटन स्वदेशीं परतले.

ही बातमी आमच्या गांवीं आली ती कोणाच्या तरी पिशवींतून आलेल्या, चार-सहा दिवसांच्या शिळ्या इंग्रजी वर्तमानपत्रांतून. पत्र कोणतें तें आजोबा सांगत नसत. गांवांत इंग्रजी वाचणारे ते एकटे. मारुतीच्या पारावर कंदिलाच्या उजेडांत त्यांनीं मथळा वाचला. वाटाघाटी ‘फॉलन थ्रू’ होत्या. ‘फॉलन’ म्हणजे पडल्या, ‘थ्रू’ म्हणजे पार. आजोबांनीं वर पाहिलें आणि लोकांना सांगितलें, “वाटाघाटी पार पडल्या.”

लोकांनीं गाड्या सोडल्या. खालचा मजकूर आजोबांनीं वाचला नव्हता काय, हें मीं त्यांना लहानपणीं एकदां विचारलें. वाचला होता. तो अवघड होता. त्यांत मसुदा, सार्वभौमत्व, सैन्याची संख्या असे मोठे शब्द होते. मथळा सोपा होता. ज्या अर्थाची सर्वांना आस लागली होती तोच अर्थ मथळ्यानें दिल्यावर, अवघड मजकुराशीं त्याचा मेळ त्यांनीं कसाबसा घालून घेतला.

मृग बरसला होता. ज्यांच्या गाड्या सुटल्या त्यांनीं बियाणें बाहेर काढून पेरणी केली. जालन्याहून एक ओळखीचे वकील गांवावरून गेले, त्यांनीं खरी हकीकत सांगितली, तोंवर अकरा दिवस गेले होते. आतां काळ्या मातीच्या वाटेंत गाडीचीं चाकें तुंब्यापर्यंत रुतत होतीं. आमच्या घरचीं माणसें पायीं निघालीं, दोन रात्री पावसांत राहिलीं आणि पलीकडे पोंचलीं. माझी एक आत्या तेव्हां आठ महिन्यांची होती. छावणींत तिला ताप आला. सप्टेंबरच्या 13 तारखेस हिंदी फौजा निजामी हद्दींत शिरल्या, 17 तारखेस निजामानें शरणागति पत्करली, आणि महिनाअखेर आमचीं माणसें घरीं परत आलीं. ती मात्र परत आली नाहीं. अकरा दिवस आधीं, कोरड्या वाटेनें गाडींतून गेलीं असतीं तर ती जगली असती, असें कोणीही निश्चयानें म्हणूं शकत नाहीं. आजीनें तसें कधीं म्हटलेंही नाहीं.

हा घोटाळा आजोबांच्या अज्ञानामुळें झाला, असें मी म्हणत नाहीं. तो त्यांच्या मराठीच्या ज्ञानामुळें झाला. ‘फॉल’ आणि ‘पडणें’ हीं दोन क्रियापदें इतक्या ठिकाणीं जोडीनें चालतात, कीं शिकणारा निर्धास्त व्हावा. इंग्रज आजारी पडतो, आम्हीही पडतों. तो अभ्यासांत मागें पडतो, त्याचे पैसे कमी पडतात, त्याचें सैन्य शत्रूवर तुटून पडतें. या सर्व ठिकाणीं दोन्ही भाषांत पडण्याचेंच क्रियापद आहे. तो प्रेमांतही पडतो. पण ही लकब आम्हीं त्याच्याकडूनच उचलली असावी, असा माझा संशय आहे. दहा ठिकाणीं जोडी जमली म्हणजे अकराव्या ठिकाणीं कोश कोण उघडतो? आणि अकरावें ठिकाण नेमकें उलटें निघतें. ‘पार पडणें’ म्हणजे सिद्धीस जाणें. ‘फॉल थ्रू’ म्हणजे बारगळणें, फिसकटणें. शब्दास शब्द तोच, आणि अर्थ शंभर टक्के विरुद्ध.

असें कां व्हावें, याविषयीं माझा तर्क असा. आमच्या ‘पार’ या शब्दांत नदी आहे. पावसाळ्यांत जो पैलतीरास लागला तो सुटला, त्याचें काम झालें. वेल्स्लीलाही केळणेचा पार गांठल्यावरच लढाई देतां आली. इंग्रजांच्या या ‘थ्रू’मध्यें पैलतीर नाहीं, तेथें चाळणी आहे, फाटका खिसा आहे. हातीं लागणार अशी वाटणारी वस्तु मधल्यामध्यें गळून जाते. इंग्रजीची चुलत बहीण जी जर्मन, तिच्यांत याच जोडीचें ‘डुर्खफालन’ होतें, आणि त्याचा नेहमींचा अर्थ परीक्षेंत नापास होणें असा आहे! माझ्या त्या चिरंजीवांनीं अधिकाऱ्यांना नापास केलें, त्याची मला या ठिकाणीं आठवण होते.

वापराविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. कारण अर्थ समजूनही वापर चुकतो. ‘फॉल थ्रू’ होतो तो बेत, सौदा, करार, सोयरीक; माणूस नव्हे. त्याला कर्म लागत नाहीं. कर्म लावलें कीं तो छपरांतून खालीं पडण्यासारखा साधा अपघात होतो. अमक्यानें बेत ‘फॉल थ्रू’ केला, असें म्हणतां येत नाहीं. बेत आपोआप गळतो, आणि गाळणाऱ्याचें नांव झांकलें जातें. मुत्सद्द्यांना आणि वर्तमानपत्रांना हें क्रियापद प्रिय आहे त्याचें कारण हेंच असावें. शिवाय जें घडून मग बिघडलें त्याला तें लागत नाहीं. लग्न लागून संसार विसकटला तर तें ‘फॉल थ्रू’ नव्हे. मांडव घालण्यापूर्वींच सोयरीक मोडली, तर होय. बोलतांना जोर ‘थ्रू’वर द्यावयाचा असतो. आमचे विद्यार्थी ‘फॉल’ ठणकावून म्हणतात आणि ‘थ्रू’ गिळून टाकतात. म्हणजे ज्या शब्दांत सगळा अर्थ सांठविलेला आहे तोच गिळतात.

प्रत्येक भाषेच्या माणसाला हा खड्डा निराळ्या जागीं लागतो. व्हिएतनामी भाषेंत काळाप्रमाणें क्रियापदाचें रूप पालटत नाहीं. तेव्हां तेथल्या विद्यार्थ्याला ‘फॉल’चें ‘फेल’ आणि ‘फॉलन’ होणें हेंच प्रथम जड जातें. मात्र क्रियापदामागें वर, खालीं, आंत, बाहेर अशा अर्थाचे दिशादर्शक शब्द जोडण्याची त्याला घरचीच संवय आहे. ‘थ्रू’ला तो परका मानीत नाहीं. खरें पाहतां आम्हींही मानूं नये. क्रियापदाला चिकटलेला एवढासा शब्द त्याचा अर्थ ओढून कोठल्या कोठें नेतो, हें आमच्या वैयाकरणांना जॉन्सनच्या कितीतरी शतकें आधीं ठाऊक होतें. ‘पत्’ म्हणजे पडणें, हाच धातु घ्या. त्याला उपसर्ग लागून प्रपात होतो, उत्पात होतो, प्रणिपात होतो. कडा, अरिष्ट आणि नमस्कार यांचें एकमेकांशीं नातें काय? उपसर्गाला स्वतःचा अर्थ असतो कीं नाहीं, यावर शाकटायन आणि गार्ग्य यांचा मतभेद यास्कानें निरुक्तांत नोंदविला आहे. आणि शब्दांच्या ज्या चार जाति तो मानतो, त्यांतील चौथीचें नांवच ‘निपात’. नाना अर्थांत पडतात म्हणून निपात, अशी त्याची उपपत्ति. संस्कृत घेतलेल्या मुलांना मी हें सांगतों, तेव्हां त्यांचे डोळे चमकतात. न घेतलेल्यांना छावणीच्या ‘फॉलिन’ची गोष्ट सांगतों, तीही तेवढीच उपयोगी पडते.

आजोबा पुढें बरींच वर्षें जगले. 1981 च्या मे महिन्याच्या 1 तारखेस जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला, तो त्यांनीं पाहिला, आणि आम्हां नातवंडांना इंग्रजी त्यांनींच शिकविली. घरांत मुंजी झाल्या, लग्नें झालीं, घराची वास्तु झाली. कोणी विचारलें तर ते म्हणत, “झालें सगळें,” किंवा “उरकलें एकदांचें.” कार्य पार पडलें, असें त्यांच्या तोंडून आम्हीं कोणींच कधीं ऐकलें नाहीं, आणि त्यांच्यासमोर तसें बोलणाऱ्या पाहुण्याकडे आजी एकदां पाही आणि आंत निघून जाई. तर्खडकरांची ती प्रत आतां माझ्याजवळ आहे. तिच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनें, वळणदार अक्षरांत, ‘फॉल थ्रू’ असें लिहून पुढें दोन शब्द लिहिले आहेत: ‘न होणें’. खालीं श्रावणांतली एक तिथि आहे, आणि साल 1948.